मालकाची सही आणि पहिला तास : श्वान-मार्जारांच्या तातडीच्या चिकित्सेवरील संशोधनाचा वऱ्हाडाच्या संदर्भात चिकित्सक परामर्श

प्रास्ताविक

संशोधनपर निबंध हाही एक पाठच असतो. त्याला निवेदक असतो, त्यात पात्रे असतात, आणि कोणते पात्र मजकुरात घ्यावयाचे व कोणते दाराबाहेर ठेवावयाचे याचा निर्णय लेखनापूर्वीच झालेला असतो. वैद्यकशास्त्रातील निबंधांची मांडणी तक्ते, आकडे व टक्केवारी यांच्या आधारे होत असल्याने हा निर्णय सहसा नजरेस येत नाही. ज्या शास्त्रातील रुग्णाला स्वतःची व्यथा सांगता येत नाही, त्या पशुवैद्यकशास्त्रात तर तो शोधूनच काढावा लागतो.

कुत्रा व मांजर यांच्या तातडीच्या आणि अतिदक्षता चिकित्सेला अमेरिकेत १९८९ साली स्वतंत्र विशेषज्ञशाखा म्हणून मान्यता मिळाली. तेव्हापासून या शाखेचे संशोधन-वाङ्मय झपाट्याने वाढले. त्यातील काही महत्त्वाच्या अभ्यासांचा परामर्श अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांच्या वास्तवाच्या उजेडात घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा विषय वऱ्हाडाला परका नाही. अकोल्यास पशुवैद्यक व पशुविज्ञानाची स्नातकोत्तर संस्था आहे; २००० साली नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती कृषी विद्यापीठाच्या छत्राखालून या नव्या विद्यापीठाकडे आली. आणखी एक धागा संतपरंपरेचा आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय देण्याचे सूत्र आहे. परंतु अभय देणे म्हणजे न मारणे, आणि तातडीची चिकित्सा म्हणजे मरू न देणे. पहिल्यासाठी अंतःकरण पुरते. दुसऱ्यासाठी ज्ञान, साधने आणि वेळ लागते. हे ज्ञान आज ज्या स्वरूपात उपलब्ध आहे, ते वऱ्हाडातील कुत्र्याला कितपत लागू पडते, हा येथील प्रश्न आहे.

प्रयोगपशू ते रुग्ण

या वाङ्मयाच्या मुळाशी एक विसंगती आहे. थांबलेले हृदय छाती न उघडता, वरून दाब देऊन चालते ठेवता येते, हे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन, जेम्स ज्यूड व गाय निकरबॉकर यांनी १९६० साली जगापुढे मांडले. या शोधाची वाट कुत्र्यांवरील प्रयोगांतून गेली होती. विद्युतधक्क्याची तबके छातीवर दाबताच प्रयोगातील कुत्र्याचा रक्तदाब किंचित वर जातो, हे निकरबॉकर यांच्या लक्षात आले आणि तेथून पुढचे सारे घडले. आज रेल्वे स्थानकांपासून महाविद्यालयांपर्यंत माणसांसाठी सीपीआरची प्रात्यक्षिके होतात, त्यांच्या तळाशी त्या कुत्र्याची छाती आहे. मात्र ज्या प्राण्याच्या छातीवर ही विद्या शिकली गेली, त्याच्यासाठी व मांजरासाठी पुराव्यावर आधारलेली पहिली सर्वंकष मार्गदर्शक सूत्रे यावयास २०१२ साल उजाडले. ‘रिकव्हर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपक्रमाचे नेतृत्व डॅनियल फ्लेचर व मॅन्युएल बोलर यांनी केले. मधे बावन्न वर्षे गेली.

‘रिकव्हर’ने एकशे एक शिफारशी केल्या. मिनिटास १०० ते १२० दाब, कुशीवर निजवलेल्या प्राण्याच्या छातीच्या रुंदीच्या एकतृतीयांश ते निम्म्यापर्यंत खोली, दोन-दोन मिनिटांची अखंड आवर्तने अशी ही सूत्रे सुबोध आहेत. परंतु त्यांचे खरे मोल त्यांच्या प्रांजळपणात आहे. प्रत्येक शिफारशीमागे पुरावा किती बळकट आहे, हे तेथे नोंदविले आहे, आणि अनेक ठिकाणी तो दुबळा आहे. बराचसा पुरावा प्रयोगशाळेतील कुत्र्यांचा व डुकरांचा, म्हणजे विजेच्या साहाय्याने हृदय मुद्दाम बंद पाडलेल्या निरोगी जनावरांचा आहे. दवाखान्यात येणाऱ्या कुत्र्याचे हृदय मात्र बहुधा दीर्घ आजार, रक्तस्राव किंवा जंतुसंसर्गाच्या शेवटी थांबते. एकाचे हृदय बाहेरून बंद पाडलेले, दुसऱ्याचे आतून थकलेले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सीपीआर दिलेल्या २०४ प्राण्यांपैकी अखेर घरी परतलेल्यांचे प्रमाण कुत्र्यांत सुमारे ६ टक्के व मांजरांत सुमारे ७ टक्के होते. २०२४ साली सूत्रांची नवी आवृत्ती आली, तेव्हा पूर्वी लांबलेल्या प्रयत्नात चालणारी अ‍ॅड्रेनलिनची मोठी मात्रा वगळण्यात आली. स्वतःची चूक बारा वर्षांत दुरुस्त करणारे शास्त्र विश्वासार्ह मानावयास हरकत नाही.

त्या २०४ प्राण्यांत मांजरे अवघी ४३ होती. मांजराचे हे दुय्यमत्व या वाङ्मयात सर्वत्र जाणवते. वस्तुतः मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे. शॉकच्या अवस्थेत कुत्र्याचे हृदय धावते, तर मांजराचे पुष्कळदा मंदावते आणि अंग थंड पडते. कुत्र्याची मोजपट्टी लावली तर मरणोन्मुख मांजर शांत वाटावे. ताप आला म्हणून घरातील पॅरासिटामॉलची अर्धी गोळी प्रेमाने मांजराला भरविली जाते. ते औषध निरुपद्रवी करण्याची शक्ती त्याच्या यकृतात फारच अल्प असल्याने तीच गोळी त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता हिरावून घेते. वाघाची मावशी म्हणून कौतुक झालेल्या या प्राण्याच्या वाट्याला संशोधन मात्र उरलेसुरलेच आले.

‘दगावले’ या शब्दाचा अर्थ

तातडीच्या चिकित्सेवरील बहुतेक निबंधांत रुग्णांचे दोन गट असतात : जगलेले आणि दगावलेले. रक्तातील अमुक घटक दगावलेल्यांत वाढलेला आढळला, अतएव तो मृत्यूचा निदर्शक, अशी अनुमानाची रीत असते. मानवी अतिदक्षता विभागातही मृत्यूवर निर्णयाची छाया असते. परंतु कुत्र्यामांजरांच्या बाबतीत ती छाया नसून कित्येकदा तेच कारण असते. खर्च झेपत नाही, आशा थोडी आहे, प्राण्याचे हाल पाहवत नाहीत, अशा कारणांनी मालक दयामरणाच्या कागदावर सही करतो आणि तो प्राणी ‘दगावलेला’ ठरतो. निबंधातील मृत्यू हा मग काही अंशी शरीराचा असतो आणि काही अंशी खिशाचा.

यातून एक दुष्टचक्र तयार होते. एखादे लक्षण वाईट समजले गेले की डॉक्टर मालकाला तसे सांगतो. मालक सही करतो. नोंदीत त्या लक्षणासह आणखी एक मृत्यू जमा होतो. पुढचा संशोधक तीच नोंद मोजतो आणि लक्षण अधिकच वाईट ठरते. चांगले संशोधक दयामरणाचा गट वेगळा काढून ही अडचण मान्य करतात, हे खरे. तथापि वेगळे काढलेले प्राणी सही झाली नसती तर वाचले असते की नाही, हे कोणत्याच संख्याशास्त्राला सांगता येत नाही.

वऱ्हाडात हा प्रश्न निराळे रूप घेतो. येथे सही क्वचितच होते. मालक फक्त दुसऱ्या दिवशी येत नाही. केसपेपर पहिल्या सलाईनवर संपतो. तो कुत्रा बरा झाला म्हणून आणला नाही, मेला म्हणून आणला नाही, की सोंगणीचे दिवस असल्यामुळे आणला नाही, हे कागदावरून कळत नाही. पाश्चात्त्य निबंधातील मृत्यूत मालकाचा निर्णय मिसळलेला असतो, तर आपल्याकडील नोंदीत मृत्यूच गहाळ असतो. दुसरा दोष अधिक गंभीर मानावा लागेल, कारण मिसळलेले वेगळे करता येण्याची शक्यता असते, गहाळ झालेले परत येत नाही. भारतातील पुष्कळ पदव्युत्तर संशोधनात सहा-सहा प्राण्यांचे गट पाडण्याचा साचा आढळतो. सहांच्या गटात एक कुत्रा न परतणे म्हणजे जवळजवळ सतरा टक्क्यांचा फरक. एवढ्या पायावर ‘अमुक औषध अधिक गुणकारी’ असे विधान उभे करणे धाडसाचेच होय.

उसनी मोजपट्टी घेण्यातील धोका एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कॅनडातील ग्वेल्फ येथील संशोधकांनी २०१० साली गंभीर आजारी कुत्र्यांच्या अवस्थेचे मोजमाप करणारी ‘अ‍ॅपल’ ही गुणांकनपद्धती मांडली. तिच्या संक्षिप्त रूपात पाचच गोष्टी लागतात : रक्तशर्करा, अल्ब्युमिन, लॅक्टेट, रक्तबिंबिका आणि प्राण्याची जागरूकता. रचना देखणी आहे. परंतु आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा एर्लिकिओसिस हा आजार नेहमीचा आहे आणि त्यात रक्तबिंबिका खाली येतात. कॅनडाच्या थंड हवेतील कुत्र्यात बिंबिका घटणे हे शरीर कोलमडत असल्याचे चिन्ह असेल. गोचिडांनी भरलेल्या अकोटच्या किंवा दर्यापूरच्या कुत्र्यात ते महिन्यांपूर्वीच्या, औषधाने आटोक्यात येणाऱ्या आजाराचेही असू शकेल. तेच गुण, तोच कागद, अर्थ वेगळा. हे गुणांकन येथे वापरून पाहणे हे संशोधन नव्हे. ते येथे कोठे चुकते हे दाखविणे संशोधन ठरेल.

गरिबीचा विचार करणारा एक अभ्यास

या वाङ्मयात मालकाच्या खिशाचा विचार सरळपणे करणारे अभ्यास थोडे आहेत. त्यांपैकी एक विशेष उल्लेखनीय वाटतो. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या पार्व्हो विषाणूने पिलांना रक्ताची हगवण व उलट्या होतात आणि उपचाराविना बहुतेक पिले मरतात. मान्य उपचार म्हणजे दवाखान्यात ठेवून दिवसेंदिवस शिरेतून द्रव देणे. अमेरिकेतील कोलोरॅडो येथील संशोधकांनी २०१७ साली चाळीस कुत्र्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. आरंभी सर्वांनाच शिरेतून द्रव देऊन सावरण्यात आले. पुढे वीस कुत्र्यांवर पूर्ण आंतररुग्ण उपचार झाले, तर उरलेल्या वीसांना कातडीखालून द्रव, उलटी थांबविणारे इंजेक्शन व दीर्घकाळ टिकणारे प्रतिजैविक अशी बाह्यरुग्ण पद्धत लावण्यात आली. पहिल्या गटात ९० टक्के, दुसऱ्यात ८० टक्के जगले. म्हणजे अठरा आणि सोळा. फरक दोन कुत्र्यांचा.

ज्याला दवाखान्यात ठेवणे परवडत नाही त्याच्यासमोर ‘सर्व काही’ किंवा ‘काहीच नाही’ एवढेच पर्याय नाहीत, हे या अभ्यासाने दाखविले. वऱ्हाडाच्या दृष्टीने विद्युतउपकरणांनी सजलेल्या अतिदक्षता कक्षांवरील दहा निबंधांपेक्षा हा एक निबंध अधिक उपयोगाचा आहे. मात्र त्यातील एक बाब बारकाईने वाचावयास हवी. बाह्यरुग्ण गटातील कुत्रेही अभ्यासाच्या काळात दवाखान्यातच ठेवले होते. प्रशिक्षित हातांनी त्यांना ठरल्या वेळी द्रव दिला जात होता. तेथील ‘घर’ हे घराचे सोंग होते. मूर्तिजापूरच्या एखाद्या खऱ्या घरात टिनाचे छप्पर असते, वीज गेलेली असते, सुई टोचण्याचे धैर्य घरात एखाद्यालाच असते आणि तो सकाळीच कामाला गेलेला असतो. त्या घरात सोळाचे किती उरतात? हा अभ्यास अमरावती-अकोल्यात करता येण्याजोगा आहे. त्याला महागडे यंत्र लागत नाही. दररोज संध्याकाळी फोन करून पिलू आहे की गेले हे विचारणारा माणूस लागतो.

ऊन लागणे

उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे अकोल्याला नवीन नाही. ‘ऊन लागले’ हा शब्दप्रयोग वऱ्हाडात निदान म्हणून वापरला जातो. खिशात कांदा ठेवणारा, पन्हे पिणारा हा प्रदेश स्वतःपुरता उन्हाशी व्यवहार जाणतो. कुत्र्याला मात्र माणसासारखा सर्वांगास घाम येत नाही. धापा टाकून जिभेवाटे व श्वसनमार्गातून पाणी उडविणे हाच त्याचा मुख्य उपाय. तो अपुरा पडला की शरीराचे तापमान ४१ अंशांच्या वर जाते, शुद्ध हरपते, रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात.

या विषयावरचा बहुचर्चित अभ्यास इस्रायलमधील हिब्रू विद्यापीठाच्या पशुरुग्णालयाचा आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १९९९ ते २००४ या काळातील उष्माघाताच्या ५४ कुत्र्यांपैकी निम्मे दगावले. रुग्णालयात पोहोचण्यास नव्वद मिनिटांहून अधिक उशीर होणे हा त्यात आढळलेला मृत्यूचा एक धोका-घटक. याउलट ब्रिटनमधील प्राथमिक दवाखान्यांच्या नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या २०१६ सालच्या नोंदींवर आधारित अभ्यासात उष्माघाताच्या घटनांत मृत्यूचे प्रमाण सुमारे १४ टक्के निघाले. एकाच आजारात पन्नास आणि चौदा! हा फरक आजाराचा नसून बऱ्याच अंशी दाराचा आहे. विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात गंभीर रुग्ण पोहोचतात, गल्लीतल्या दवाखान्यात सौम्यही येतात. आणि वाटेतच मेलेला कुत्रा दोन्ही आकड्यांत नसतो. मेळघाटातील धारणीहून घाटरस्त्याने अमरावती गाठावयास नव्वद मिनिटे कधीच पुरत नाहीत. तेथील कुत्र्याच्या दृष्टीने हा धोका-घटक नसून भूगोल आहे.

म्हणूनच पहिल्या तासाचे ज्ञान महत्त्वाचे ठरते. पूर्वी कोमट पाण्याने हळूहळू थंड करा, बर्फाच्या पाण्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, असे शिकविले जाई. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या रुग्णालयपूर्व काळजीच्या शिफारशींनी हा क्रम बदलला : आधी थंड करा, मग हलवा. तरुण, निरोगी कुत्र्याला थंड पाण्यात बसवावे. वृद्ध वा आजारी असल्यास अंगावर पाणी ओतून वारा घालावा. तरीही ब्रिटनमधील पुढच्या एका पाहणीत दवाखान्यात आणण्यापूर्वी थंड केलेले कुत्रे जेमतेम पंचमांश निघाले, आणि सर्वाधिक वापरलेला उपाय होता अंगावर ओला टॉवेल टाकण्याचा, जो आज शिफारसप्राप्त नाही. ज्ञान निबंधात असते आणि टॉवेल घरात. (एकनाथांनी काशीहून आणलेली गंगा वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा भूतदयेची म्हणून सांगितली जाते. तिच्यातील चिकित्सेचा क्रमही अचूक आहे : आधी पाणी, मग पुढचा प्रवास. बेशुद्ध प्राण्याच्या तोंडात मात्र पाणी ओतावयाचे नसते, ते श्वासनलिकेत जाते.)

येथे वऱ्हाडाला स्वतःचे काही सांगता येण्याजोगे आहे. पाणी ओतून वारा घालणे ही बाष्पीभवनाची युक्ती, आणि तिचे यश हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असते. एप्रिल-मे महिन्यांत वऱ्हाडाची हवा इतकी कोरडी असते की वाळ्याचा कूलर खोली गार करतो. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की तोच कूलर नुसता चिकचिकाट देतो. कुत्र्याच्या ओल्या अंगावरही हाच नियम चालेल. म्हणजे मे महिन्यात पंखा व पाणी पुरेल आणि जूनच्या मध्यावर टाक्यात बसविणेच श्रेयस्कर ठरेल, असे अनुमान करता येते. हे अनुमानच आहे. पण ते तपासण्यासाठी गुदमापक तापमापी, घड्याळ आणि दोन ऋतू एवढेच भांडवल लागते, आणि ब्रिटनच्या दमट हवेत ते कोणी तपासून देणार नाही.

सर्पदंशाविषयी थोडक्यात लिहिणे भाग आहे. शेतात राखणीला असणाऱ्या कुत्र्याला नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांपैकी कोणीही डसू शकते. भारतात त्यावर माणसांसाठी बनविलेले बहुगुणी प्रतिसर्पविषच वापरले जाते. साप दंश करताना समोरच्याचे वजन पाहत नाही, त्यामुळे लहान प्राण्यालाही मात्रा कमी करून चालत नाही. त्याच कुप्या गावातील माणसालाही लागणार असतात. या नैतिक प्रश्नावर पाश्चात्त्य वाङ्मयात काही सापडण्याची अपेक्षा करता येत नाही.

तोंड, लाळ आणि ‘आणणारा’

‘रिकव्हर’च्या २०१२ च्या सूत्रांत एकट्या मदतनीसाने तीस दाबांनंतर प्राण्याच्या नाकपुड्यांत तोंडाने दोन श्वास फुंकावेत, अशी शिफारस होती. २०२४ मध्ये मुखवटा व हवेच्या फुग्याला प्राधान्य देण्यात आले. रेबीजमुक्त देशात ही सुधारणा सोयीची म्हणता येईल. आपल्याकडे ती जिवाची आहे. पिसाळलेला कुत्रा म्हणजे चावत सुटणारा, एवढेच लोकांना ठाऊक असते. परंतु रेबीजचा एक मूक प्रकार आहे : खालचा जबडा लुळा पडतो, लाळ गळते, गिळता येत नाही. पाहणाऱ्याला वाटते, घशात हाड अडकले. आणि दयाळू माणूस हात घालतो. तातडीच्या चिकित्सेतील पहिला धडा येथे श्वासमार्ग मोकळा करण्याचा नसून हात मागे घेण्याचा आहे, आणि अभय देऊ पाहणाऱ्याला तो शिकविणे अवघड आहे.

शेवटी या वाङ्मयातील एका छोट्या शब्दाकडे वळावे लागते. जवळजवळ प्रत्येक निबंधाच्या सारांशात अभ्यासातील कुत्रे ‘मालकांचे’ होते, असे लिहिलेले असते. मालक असणे हीच अभ्यासात शिरण्याची अट. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात १२ लाखांहून अधिक भटके कुत्रे मोजले गेले. अमरावतीच्या एखाद्या मोहल्ल्यातील असा कुत्रा तीन घरांची भाकर खातो, चौथ्या घराच्या ओट्यावर निजतो आणि त्याला नावेही दोन-तीन असतात. त्याला मोटारीने उडविले तर कोणी रिक्षात घालून आणतो. तो त्याचा मालक नसतो. सही कोणी करावयाची, सलाईनचे पैसे कोणी द्यावयाचे, उद्या पट्टी बदलायला कोणी यावयाचे, या प्रश्नांची उत्तरे त्या रिक्षात नसतात. केसपेपरवर ‘मालकाचे नाव’ असा रकाना असतो आणि आणणाऱ्याचे नाव तेथे लिहिले जाते, की पुढे तो रुग्ण मालकीचा म्हणून मोजला जातो. त्या रकान्याशेजारी ‘आणणारा’ असा आणखी एक रकाना आणि ‘केव्हा आढळला’ अशी वेळेची एक ओळ वाढविली, तर अमरावती-अकोल्याच्या नोंदींत असे काही जमू लागेल जे ग्वेल्फ वा कोलोरॅडोच्या नोंदींत मिळणे कठीण आहे.